पऱ्हाटीच्या गावातून पुस्तकांच्या धंद्यात कसं शिरायचं

"ताई, मले वाचायचा लय नाद हाये, प्रकाशनात काम भेटन का?" असं विचारणारं एखादं पोट्टं नाहीतर पोट्टी महिन्यातून एकदा तरी मला गाठतेच, कधी एसटीत, कधी लग्नात पंगतीला बाजूला बसून. तर राजेहो, काम भेटते, पण वाचायच्या नादाचा पगार कोणी देत नाही, पगार भेटतो तो दुसऱ्याची चूक छापून यायच्या आधी पकडायचा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जाते, आणि नाही बसलं तर माणूस वर्षभर "मला पुस्तकांची आवड आहे" असे ईमेल पाठवत बसते नि उत्तर काही येत नाही.

मी विदर्भातली, यवतमाळच्या दारव्हा तालुक्यातली, घरी पाच एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस नि त्यात तुरीची तासं, गावात बारावीच्या पुढे शिकलेल्या पोरी हाताच्या बोटावर. सहा वर्षं झाली प्रुफं, म्हणजे छापायच्या आधीची कच्ची पानं, वाचून राहिली, त्यातली दोन नागपूरच्या ऑफिसात नि बाकी घरून. आणि हो, मी इथे "मी गेली, मी बसली" असंच लिहिणार, "मी गेले" नाही. आमच्याकडे बाया असंच बोलतात आणि त्याच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

आधी वाचायचं कुठून ते

पैसे टाकून पुस्तकं घ्या असं सांगणारे लय भेटतील, त्यांना म्हणावं सोयाबीनचा भाव बघून या. गावात शासनमान्य वाचनालय आहे का ते आधी बघा. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, खेड्यातलं असलं तर बहुतेक ड, नशीब असलं तर क. आमचं ड. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत, सकाळी म्हातारे पेपर वाचायला येतात, पुस्तकांचं कपाट कुलपात, आणि किल्ली ग्रंथपालाच्या घरी देवघरात. आता त्या माणसावर चिडून उपयोग नाही, त्याला मानधन किती भेटते ते एकदा विचारा म्हणजे राग उतरेल. मी काय केलं, दहावीनंतर दोन उन्हाळे तिथे जाऊन पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, शिक्के मारले, दाखल रजिस्टरमध्ये नोंदी केल्या, बदल्यात एकाच्या जागी चार पुस्तकं घरी न्यायला भेटायची नि किल्लीसुद्धा. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेला एक गठ्ठा तर सुतळीसकट तसाच पडला होता, तो मी सोडला, वरची दोन वाळवीनं खाल्लेली, बाकीची कोरी करकरीत. रजिस्टर भरायचा कंटाळा करू नका, कारण पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, किंमत, पानं हे पाचशे वेळा हातानं लिहिलं की कोणतं प्रकाशन कशा जातीची पुस्तकं काढते हे आपोआप समजते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला हेच कामी आलं. आणि वाचनालयाची खरेदी निघायच्या आधी, आमच्याकडे तरी ती मार्चच्या तोंडावर निघते, ग्रंथपालाच्या हातात दहा पुस्तकांची यादी ठेवून द्या, त्याला शोधायचा त्रास वाचते नि तुम्हाला पाहिजे ते गावात येते.

दिवाळी अंक सोडू नका. 1909 साली "मनोरंजन"नं पहिला काढला तेव्हापासूनची रीत आहे ही आपली, आणि शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. एकाच वर्षाचे चारपाच अंक शेजारी ठेवा, संपादकानं कोणाला आधी घेतलं, कोणाला शेवटी, कविता दोन कथांच्या मधात कशा टाकल्या, जाहिरात कुठे आली, ते बघत जा. दिवाळी होऊन महिना झाला की अर्ध्या किमतीत भेटतात.

फुकटात पाहिजे तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवर त्यांची शेकडो पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, मराठी विश्वकोश सगळा ऑनलाइन आहे, विकिस्रोतावर हक्क संपलेली जुनी पुस्तकं आहेत. हक्क आपल्याकडे लेखक वारल्यानंतर 60 वर्षं राहतात, तेवढं झालं की ते पुस्तक सगळ्यांचं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ मात्र घेऊ नका, ज्या धंद्यात जायचं म्हणता त्याच धंद्याच्या पोटावर पाय कशाला. गोंदियाकडच्या पोरांनी नवेगाव बांधला चक्कर मारावी, साताऱ्याच्या भिलारसारखं पुस्तकांचं गाव करायला सरकारनं आपल्याकडचं तेच निवडलं. आणि पुस्तकं फक्त पुण्या-मुंबईत निघतात असं ज्याला वाटते त्यानं वर्ध्याजवळ पवनारला जाऊन यावं, विनोबांची पुस्तकं काढणारं परंधाम प्रकाशन धाम नदीच्या काठी आश्रमातच आहे.

शीर्षकाच्या मागचं पान

पुस्तक हातात आलं की लोक डायरेक्ट पहिल्या प्रकरणावर जातात. तुम्ही थांबा. पुस्तकाचं नाव असलेलं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात एक पान असते, तिथे प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, आवृत्ती कितवी, पुनर्मुद्रण केव्हा, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखनंबर, हक्क कोणाचे, हे सगळं असते. हे पान म्हणजे धंद्याचा सातबारा समजा. एका शंभर पानी वहीत प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाचं हे पान उतरवून घ्या. साठसत्तर पुस्तकं झाली की दिसते की अक्षरजुळणीवाल्यांची तीच ती नावं फिरून येतात, मुद्रितशोधकाचं नाव कुठे असते, कुठे गायबच. म्हणजे कोण कामाची कदर करते हेही दिसलं.

त्याच वहीत मागच्या बाजूनं चुका लिहायच्या. पान, ओळ, काय छापलं, काय पाहिजे. पुस्तकावर पेन्सिल नाही चालवायची, वाचनालयाचं आहे ते.

आणि एक खेळ करा. वर्तमानपत्राचा मोठा कागद घ्या, तीनदा घडी घाला, झाली 16 पानं. घडी न उलगडता कोपऱ्यावर 1 ते 16 आकडे टाका, मग कागद उघडा. 1 च्या शेजारी 16 दिसेल, 4 च्या शेजारी 13, शेवटच्या घडीच्या दोन बाजूंचे शेजारी मिळवा, 17 येते. हा झाला एक फॉर्म. पुस्तक असं सोळा-सोळानं छापते म्हणून बहुतेक पुस्तकं 96, 112, 128, 160, 208 अशी असतात, नि मागे दोनतीन पानं कोरी राहतात किंवा प्रकाशक तिथे आपल्या बाकीच्या पुस्तकांची जाहिरात टाकते. "दोनच ओळी वाढवतो" म्हणणाऱ्या लेखकाला प्रकाशक का ओरडते ते हा कागद बघून समजते, त्या दोन ओळीनं पान 209 झालं की नवा फॉर्म लागला.

तालुक्याचं डीटीपी सेंटर

डिग्री कोणतीही चालते, मराठी घेऊन बीए असलं तर बरं, नसलं तरी अडत नाही. इग्नूचा पुस्तक प्रकाशनाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, घरून होतो, त्या सत्राला प्रवेश चालू आहे का तेवढं बघून घ्या. पण खरं शिक्षण तालुक्याच्या डीटीपी सेंटरात, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करून देणाऱ्या दुकानात.

मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना दारव्ह्याला एका सेंटरवर बसली. काम काय, तर लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, भागवत सप्ताहाची पत्रकं, सरपंचाच्या वाढदिवसाचे बॅनर. हसू नका. आपल्याकडची लग्नपत्रिका म्हणजे प्रूफरीडिंगची सगळ्यात कडक परीक्षा आहे, मुलीकडच्या पत्रिकेत प्रेषक, विनीत, निमंत्रक, मामाकडील मंडळी, बालगोपाल, असे साठसत्तर नावं, त्यातल्या एकाचा "राव" सुटला की लग्नात तो जेवत नाही. माझ्या हातून एकदा मोठ्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली गेलं, तीनशे पत्रिका परत आल्या, मालकानं माझ्या पैशातून कापले. तेव्हापासून मी कोणतंही प्रूफ घेतलं की पहिल्या वाचनात फक्त नावं वाचते, दुसऱ्यात फक्त आकडे नि तारखा, मजकूर तिसऱ्यांदा. आजही तसंच करते. मजकुराच्या नादात नाव सुटते, माणूस गोष्टीत वाहून जाते.

त्या सेंटरात टायपिंग शिकून घ्या, आणि शिकायचं ते इनस्क्रिप्ट, कळ दाबली की थेट मराठी अक्षर उमटवणारा कीबोर्ड, इंग्रजीत टाइप करून मराठी उमटवणारं नाही. पंधरा दिवस बोटं दुखतात, मग हात आपोआप चालते.

तुरीची गोष्ट

आता खऱ्या कामाकडे. बीए झाल्यावर मला पहिलं पुस्तकाचं काम भेटलं, एका निवृत्त कृषी सहायकाच्या आठवणी, 208 पानं, पानामागे 7 रुपये, म्हणजे 1456 रुपये, मला वाटलं मी आता संपादक झाली. त्या माणसानं जिथे तिथे "तुर" लिहिलं होतं, र्‍हस्व. मी मोठ्या ऐटीत फाइंड-रिप्लेस काढलं, "तुर" च्या जागी "तूर", रिप्लेस ऑल. कॉम्प्युटर म्हणाला एवढ्या एवढ्या जागी बदललं, मी खूश. प्रिंट काढून लेखकाला दिली. दोन दिवसांनी त्याचा फोन, "बेटा, हे तूरुंग काय आहे?" चतुरचं चतूर झालेलं, आतुरचं आतूर, तुरळक पाऊस तूरळक झालेला, तुराट्याच्या तूराट्या, आणि "तुरीची" होती ती "तूरीची". सगळे 208 पानं मी हातानं परत वाचले, दोन रात्री.

यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, मराठीत रिप्लेस ऑल हा शब्द विसरून जायचा, एकेक जागा बघून बदलायची. दुसरी म्हणजे नियम. मराठी लेखनाचे नियम सगळे मिळून 18 आहेत, 14 साहित्य महामंडळाचे 1962 चे नि 4 मागून 1972 ला जोडलेले, सगळं मिळून दोनचार पानांचा मामला आहे, लोक त्याला उगाच घाबरतात. तूर-तुरीचा हा त्यातलाच एक, शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असलं तर त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ, पण प्रत्यय लागून शब्द वाढला की तोच र्‍हस्व. तूर पण तुरीला, फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला, वकील पण वकिलाला. आणि संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द मात्र हलत नाही, शरीर तर शरीराला. गरिबाच्या शरीराला, असं एक वाक्य पाठ करून ठेवा, दोन्ही नियम त्यात आहेत. शेवटचं अक्षर बहुतेक दीर्घ, गती, मती, गुरू, पण आणि, नि, परंतु हे र्‍हस्व. एवढ्यावर निम्म्या चुका सापडतात, खोटं नाही.

वाचायची पद्धत म्हणाल तर स्केल ओळीखाली धरून, तोंडानं, हळू आवाजात. मोबाइलवर प्रूफ वाचू नका, मोबाइलवर डोळा सरकतो. कागदावर लाल पेन, चूक जिथे आहे तिथे खूण नि दुरुस्ती समासात, शब्द सुटला असला तर काकपद, म्हणजे ^ अशी खूण. आता बहुतेक ठिकाणी पीडीएफवर कमेंट टाकायला सांगतात, ते दोन दिवसात येते, पण पहिलं वाचन तरी मी प्रिंट काढूनच करते, घरचे म्हणतात कागद वाया घालवते.

वऱ्हाडाचा ऱ

हे जरा लांबणार आहे कारण माझ्या आवडीचं आहे.

जुन्या पुस्तकांच्या फाइली श्रीलिपी नाहीतर आयएसएम या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फाँटात असतात, पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या, आणि पेजमेकरला युनिकोड, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, समजतच नाही. आता पुनर्मुद्रण करायचं, ईबुक काढायचं, तर ते सगळं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणतात. त्यात सगळ्यात आधी मरतो तो आपला ऱ. वऱ्हाड लिहिलं होतं ते "वर्हाड" होते, पऱ्हाटीची "पर्हाटी", दुसऱ्याचं "दुसर्या". हे दिसायला बारीक आहे पण अर्थच पलटतो, दर्या म्हणजे समुद्र नि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्यांच्या पाया पडायचं नि आचाऱ्यांना विचारायचं की वरण झालं का. कन्व्हर्ट केलेली फाइल आली की मी पहिले "र्ह" नि "र्य" शोधते, एकेक बघते, सूर्य-कार्य-धैर्य ठेवते, बाकी सुधारते. टाइप करताना साधा र नाही घ्यायचा, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट दाबून जे वर आहे. मग हलन्त, मग ह. बस. दुसरं म्हणजे रफार एक अक्षर पुढे-मागे सरकतो नि र्‍हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ते डोळ्यानंच पकडावं लागते. आणि इनडिझाइनमध्ये, म्हणजे आताच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडाक्षरं सुटी सुटी दिसली तर फाँटला शिव्या देऊ नका, त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाची सेटिंग चालू करायची राहिलेली असते.

पुण्याच्या माणसाला हा ऱ फुटलेला दिसत नाही असं नाही, पण "पर्हाटी" बघून त्याला वाटते असाच शब्द असेल. आपल्याला तो खड्यासारखा लागतो. इथेच आपला फायदा आहे पोट्टेहो, नीट ऐका.

एका कथासंग्रहाचं प्रूफ आलं होतं, लेखक आपल्याच बाजूचा. गोष्टीत वाक्य होतं, "उलंगवाडी झाली नि बाप मोकळा झाला." माझ्या आधी ज्यानं वाचलं त्यानं समासात लिहिलं होतं, "हे गाव कोणत्या तालुक्यात? आधी उल्लेख नाही." मी एकटीच हसत बसली. वाडी आहे शेवटी म्हणजे गावच असणार, त्याचं तरी काय चुकलं. उलंगवाडी म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा होऊन पऱ्हाटी रिकामी झाली, आता शेतात ढोरं सोडायला मोकळीक. त्याच गोष्टीत पुढे "डवरणी"ची कोणीतरी "आवरणी" केली होती, म्हणजे डवऱ्याचा फेर मारणारा गडी एकदम घर आवरायला लागला. आणि सीतादहीला "सीताबाई"! वावरात पहिल्या वेच्याच्या वेळी सात दगड मांडून दहीभात दाखवतात ते ज्यानं बघितलंच नाही त्याला ती बाईच वाटणार. मी सगळं परत फिरवलं नि सोबत एका कागदावर अकरा शब्दांचे अर्थ लिहून पाठवले. त्या प्रकाशनानं नंतर विदर्भातल्या लेखकाचं पुस्तक आलं की मला फोन करायला सुरवात केली. म्हणून सांगते, तिफण, वखर, डवरा, जुपणं, बोंड, सरकी, हे सगळे शब्द अर्थासकट नि एकेका वाक्यासकट एका वहीत लिहायला आजपासून लागा, आजीला विचारून. पूर्वेकडचे असाल तर झाडीबोलीचे, वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता असतात, त्यातली बोली बाहेरच्या माणसाला नाही झेपत.

पण बोली येते म्हणून सगळीकडे बोली करायची नाही, ही उलटी चूक मी केली आहे. बोली तपासताना एकच बघायचं, ते माणूस पुस्तकभर एकसारखं बोलते का. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होते, काळ्याचा काया. पान 12 वर म्हातारीचा "डोया" असला नि पान 40 वर तिचाच "डोळा" झाला तर ती बहुतेक चूक, पण तिचा नातू शहरात शिकून आला नि "डोळा" म्हणतो तर ते लेखकानं मुद्दाम केलं असेल. अशा वेळी दुरुस्त नाही करायचं, समासात प्रश्न टाकायचा नि लेखकाला विचारायचं. पात्राच्या तोंडी "मी गेली होती" असलं तर हात लावू नका. नागपूरच्या ऑफिसात मी "मी जेवून आली" म्हटलं की पुण्याहून आलेली एकजण गालात हसायची, पण तिनं एका आजीच्या तोंडचं "मी गेली" सरळ "मी गेले" केलं नि लेखक चिडला तेव्हा ती फाइल माझ्याकडेच आली.

हे काम काही नवीन नाही आपल्या मातीत. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर माहीत असेल, आता मराठी भाषा विद्यापीठ तिथेच झालं. तेराव्या शतकात म्हाइंभट महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा करत माणसामाणसाकडे फिरला, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या, त्याचंच लीळाचरित्र झालं. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितला तर ते दोन्ही तऱ्हा जपून ठेवायची रीत त्या परंपरेत आहे. आपण समासात प्रश्नचिन्ह टाकतो ते त्याचंच बारकं भावंड.

काम मागायचं कसं

"मला वाचनाची आवड आहे, संधी द्यावी" हे पाठवू नका. मी काय केलं ते सांगते. एका प्रकाशनाच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती वाचत होती, वहीत 31 चुका निघाल्या. त्या पान नि ओळीसकट एका तक्त्यात टाकल्या, वर दोन ओळी, पुस्तक आवडलं, पुढच्या आवृत्तीला उपयोग होईल म्हणून पाठवते. शहाणपणा नाही, "एवढं मोठं प्रकाशन नि एवढ्या चुका" असं काही नाही. तीन महिने काहीच नाही. मग फोन आला की 31 पैकी 4 तुमच्याच चुका आहेत, बाकी बरोबर, एक फाइल पाठवू का. ते 4 मी विचारून घेतले, "तत्त्व"ला दोन त लागतात हे मला तेव्हा समजलं.

साहित्य संमेलन जवळ आलं तर सोडू नका. 2019 च्या जानेवारीत यवतमाळला 92 वं झालं, 2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला 96 वं, दोन्ही वेळी पुण्या-मुंबईचे प्रकाशक स्टॉल घेऊन आपल्या दारात. यवतमाळला मी सकाळच्या एसटीनं गेली, मंडपात भाषणं ऐकायला नाही बसली, तीन दिवस स्टॉलवर फिरली. गर्दीच्या वेळी नाही, दुपारी दोनतीनला, जेवण झाल्यावर लोक निवांत असतात तेव्हा बोलायचं. स्टॉल आवरायला मदत करा, खोके बांधायला हात लावा, त्यात जितकी ओळख होते तितकी बायोडाटानं नाही होत. संमेलन नसलं तर जिल्ह्याचा ग्रंथोत्सव दरवर्षी असतो, नागपूरला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 पासूनचा, तिथे कार्यक्रमाला जात जा.

पैशाचं बोलणं आधी करा नि लेखी करा, व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना. "पानामागे" म्हणजे कोणतं पान ते विचारा! मला एकानं पानाचा दर सांगितला नि फाइल आली ए-फोर, बारीक अक्षरात, एका पानात डेमी, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या, पुस्तकाची दोन पानं सहज बसतील अशी. अर्ध्या पैशात काम झालं माझं. आता मी हजार शब्दांचा दर सांगते. पहिल्या अनोळखी कामाला अर्धे पैसे आधी मागा, नाही म्हणाले तर पहिला फॉर्म करून द्या, पैसे आले की दुसरा.

आपल्याकडे कॉलेजच्या प्राध्यापकांची पुस्तकं लय निघतात, 2010 च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात प्रमोशनला पॉइंट आले तेव्हापासून आयएसबीएनवाल्या पुस्तकांचं पीक आलं. वाचायला कंटाळवाणी, पण काम नियमित नि सरावाला बरी, संदर्भसूची तपासायची सवय लागते. मात्र गावातल्या कवीकडून, मास्तरकडून पैसे घेऊन "पुस्तक काढून देतो" म्हणणाऱ्यांचे एजंट होऊ नका. आयएसबीएनचे वेगळे पैसे मागणारे भेटतात, तो नंबर भारतात फुकट भेटते, राजा राममोहन रॉय यांच्याच नावाच्या सरकारी एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करून. माझ्या एका नातलगानं कवितासंग्रहासाठी बैलजोडीचे पैसे दिले, दोनशे प्रती अजून माळ्यावर आहेत, उंदरांनी सुरवात केली.

नोकरीसाठी शहरात जायचंच का? दोन वर्षं जा. प्रेसवर उभं राहून छपाई बघितल्याशिवाय, टायटलचं म्हणजे मुखपृष्ठाचं लॅमिनेशन नि बायंडिंग बघितल्याशिवाय हे काम अर्धंच समजते, आणि नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं भेटतात ते वेगळंच सुख. मग पाहिजे तर परत या. फाइली नेटवर येतात, पुस्तकं पाठवायला 1 मे 2025 पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सुरू झाली, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये नि 5 किलोपर्यंत 100, वर कर, पण मासिकं-साप्ताहिकं त्यात जात नाहीत. मी वेचणीच्या दिवसात सकाळी वावरात नि दुपारनंतर प्रुफावर, असं जमवते. लाइट गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर गेला तर अंगणात बाज टाकून कागदावर.

शेवटचं एक, फायनल पीडीएफ मागताना ते शीर्षकाच्या मागचं पान मागायला विसरू नका, ते सगळ्यात शेवटी बनते नि कोणी तपासत नाही. मुद्रितशोधक म्हणून माझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा आईनं ते पुस्तक शेजारपाजारी सगळ्यांना दाखवलं. माझ्या आडनावात ऱ्ह आहे, तो फुटलेला होता.